ह्युएनत्संगाची वाट : ग्रंथ, अवशेष आणि यात्रा

१

इ. स. ६४५ मध्ये ह्युएनत्संग भारताची यात्रा संपवून चाङ्आनला परतला, तेव्हा वीस घोड्यांवर लादलेल्या ६५७ पोथ्या, बुद्धाच्या शरीरधातूंचे दीडशे कण आणि सात मूर्ती एवढा संभार त्याच्याबरोबर होता. पोथ्यांची संख्या अभ्यासकांच्या स्मरणात राहिली, कारण त्याचे उर्वरित आयुष्य त्यांच्या भाषांतरात गेले. मूर्तींचा उल्लेख मात्र बहुधा ओझरताच केला जातो. वस्तुतः त्या सात मूर्तींची यादी हे एका विलक्षण विचाराचे फळ आहे. त्यांतील प्रत्येक मूर्ती एकेका स्थळाची खूण म्हणून घडविलेली होती : एक मृगदावातील धर्मचक्रप्रवर्तनाची, एक कौशांबीच्या उदयन राजाने करविलेल्या चंदनमूर्तीची, एक संकाश्य येथील अवतरणाची, एक गृध्रकूटावरील उपदेशाची, एक वैशालीतील भिक्षाटनाची, उरलेल्या दोन मगधातील नागगुहेत व नगरहाराच्या गुहेत उमटलेल्या छायेच्या. सोने, रुपे आणि चंदन यांत कोरलेला तो एक प्रवासमार्गच होता. चाङ्आनच्या विहारात बसून जो त्या सात मूर्तींचे क्रमाने दर्शन घेईल, त्याची मनोमन मध्यदेशाची यात्रा व्हावी, अशी ती रचना होती.

संग्रह आणि स्थळ यांचा संबंध कसा असावा, या प्रश्नाला मिळालेले हे एक फार जुने आणि फार नेमके उत्तर आहे. वस्तू मूळ जागेपासून दूर गेली तरी तिने आपल्या जागेचे नाव विसरू नये. अलीकडच्या काळात पर्यटनाच्या निमित्ताने हाच प्रश्न उलट्या बाजूने विचारला जातो. स्थळे आहेत, तेथे जाणारे रस्ते आहेत, प्रवासी आहेत. परंतु त्या स्थळांतून निघालेल्या वस्तू शेकडो मैलांवरच्या दालनांत आहेत. एखाद्या सूत्राच्या आधारे आखलेल्या प्रवासमार्गाने या दोहोंना पुन्हा जोडता येईल काय? भारतात या प्रश्नाचा विचार करावयाचा तर बुद्धाच्या स्थळांचा मार्ग हेच त्याचे सर्वांत बोलके उदाहरण होय. तो मार्ग एका ग्रंथातून पुन्हा सापडला, त्या शोधाच्याच ओघात त्यावरील वस्तू विखुरल्या, आणि आज तोच मार्ग पर्यटनाच्या नकाशावर ठळक रेषेने काढलेला आहे.

२

एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी श्रावस्ती, कुशीनगर, नालंदा, संकाश्य ही नावे ग्रंथांत होती. भूमीवर त्यांची ओळख पुसली गेली होती. टेकाडे होती, विटांच्या राशी होत्या, गावकऱ्यांनी निरनिराळ्या देवतांच्या नावाने पुजलेल्या भग्न मूर्ती होत्या. ग्रंथ आणि भूमी यांच्यामधला दुवा भाषांतरकारांनी पुरविला. आबेल रेम्युझा याने केलेले फाहियानच्या प्रवासवर्णनाचे फ्रेंच भाषांतर त्याच्या मृत्यूनंतर १८३६ मध्ये पॅरिसला प्रसिद्ध झाले. स्तानिस्लास ज्यूलियँ याने ह्युएनत्संगाचे चरित्र १८५३ मध्ये आणि त्याचे प्रवासवृत्त १८५७-५८ मध्ये फ्रेंचमध्ये आणले. सॅम्युअल बील याचे इंग्रजी भाषांतर १८८४ मध्ये झाले, म्हणजे स्थळांचा शोध बराचसा आटोपल्यावर.

या भाषांतरांतील खरी अडचण अर्थाची नव्हती, नावांची होती. चिनी लिपीत संस्कृत नाव लिहावयाचे तर कधी त्याचा उच्चार जवळच्या चिनी अक्षरांनी पकडावा लागतो, कधी नावाचा अर्थच भाषांतरित करावा लागतो. त्या अक्षरांवरून मूळ संस्कृत शब्द परत मिळविणे म्हणजे एका भाषांतराचे पुनर्भाषांतर करणे होय. ज्यूलियँने या कामाची एक पद्धतच बसविली आणि १८६१ मध्ये तीवर स्वतंत्र ग्रंथ लिहिला. योगायोग असा, की त्याच वर्षी लॉर्ड कॅनिंगच्या सरकारने अलेक्झांडर कनिंगहॅम या सैनिकी अभियंत्याची पुरातत्त्वसर्वेक्षक म्हणून नेमणूक केली. कनिंगहॅमने त्यापूर्वीच, १८४२ मध्ये, फाहियानच्या आधाराने संकिसा हेच प्राचीन संकाश्य असल्याचे ओळखले होते. आता ह्युएनत्संगाचे प्रवासवृत्त हाती घेऊन तो मगधापासून निघाला. सुमारे सहा ली म्हणजे एक इंग्रजी मैल असा हिशेब धरून, दिशा आणि अंतरे जुळवीत, पहिल्या काही हंगामांतच त्याने बडगावच्या टेकाडांत नालंदा, कसियात कुशीनगर आणि सहेट-महेटमध्ये श्रावस्ती पाहिली. १८७१ मध्ये त्याचा प्राचीन भारताच्या भूगोलावरील ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्याचा कणा म्हणजे ह्युएनत्संगाची वाट होय.

साहित्याच्या इतिहासात ग्रंथाने भूमीवर एवढे राज्य केल्याची उदाहरणे थोडी. मूळ यात्रा, तिचे चिनी वृत्त, त्याचे फ्रेंच भाषांतर, त्यावरून इंग्रजी अधिकाऱ्याने मांडलेले गणित आणि शेवटी गावच्या माणसाच्या तोंडचे टेकाडाचे नाव, अशी ही साखळी आहे. तिच्या प्रत्येक कडीत चूक शिरण्यास वाव होता, आणि काही चुका शिरल्याही. तरीही साखळी एकंदरीत टिकली. तर्काने सुचविलेल्या स्थळांना पुढे उत्खननाने पुष्टी मिळत गेली. कसियाच्या मुख्य स्तूपात १९१०-११ च्या सुमारास हिरानंद शास्त्री यांना सापडलेल्या ताम्रपटात परिनिर्वाणचैत्याचा निर्देश निघाला. सहेट-महेटबद्दलचा वाद १९०७-०८ च्या उत्खननात मिळालेल्या, राजा गोविंदचंद्राच्या इ. स. ११३० च्या ताम्रपटाने मिटला. एका परदेशी भिक्षूने तेराशे वर्षांपूर्वी लिहिलेले शब्द मातीखालच्या अक्षरांशी जुळले.

३

परंतु वाट सापडत होती तेव्हाच तिच्यावरील वस्तू वाटेवरून उचलल्या जात होत्या. या विरोधाचा विचार केल्यावाचून आजच्या प्रवासमार्गाचे स्वरूप कळणार नाही.

सारनाथचेच पाहावे. १७९४ मध्ये काशीच्या जगतसिंहाच्या माणसांनी बांधकामाच्या विटांसाठी तेथील धर्मराजिका स्तूप खणला. त्यातून अस्थींचा करंडक निघाला. अस्थी गंगेत विसर्जित झाल्या आणि जोनाथन डंकन याने त्या घटनेचे टिपण लिहून ठेवले म्हणून ती इतिहासाला ठाऊक झाली. १८३५-३६ मध्ये तरुण कनिंगहॅमने तेथे खोदून मूर्ती बाहेर काढल्या. पुढे वरुणा नदीवर पूल बांधताना सारनाथच्या अठ्ठेचाळीस मूर्ती व कोरीव दगड पुलाच्या खांबांना आधार म्हणून पाण्यात टाकण्यात आले. विटांसाठी स्तूप फोडणारा दिवाण आणि पुलासाठी मूर्ती बुडविणारा अभियंता यांच्यात या दृष्टीने अंतर करता येत नाही. दोघांनाही तो दगड फक्त दगड होता.

अशा परिस्थितीत वस्तू उचलून सुरक्षित ठिकाणी नेणे हा उद्धारच होता, असा एक युक्तिवाद आहे, आणि तो पोकळ नाही. १८७३ मध्ये कनिंगहॅमला भरहुतचा स्तूप दिसला तेव्हा स्तूपाचा बहुतेक भाग गावांच्या घरांत आणि भिंतींत गेलेला होता. उरलेली वेदिका आणि पूर्वेकडचे तोरण त्याने कलकत्त्याच्या संग्रहालयात हलविले. तेथे नेले नसते तर जातककथांचे ते शिल्पपट, ज्यांवर कथेचे नाव ब्राह्मी अक्षरांत कोरलेले आहे, कदाचित अभ्यासकांना दिसलेच नसते. जातकांच्या इतिहासाला या नावांचे मोल फार आहे. ग्रंथातील कथा इतक्या प्राचीन काळी लोकांत कोणत्या नावाने ओळखली जात होती, हे त्यांवरून कळते. परंतु याची दुसरी बाजूही आहे. आज भरहुतला जाणाऱ्याला तेथे जवळजवळ काहीच दिसत नाही आणि कलकत्त्याच्या दालनात वेदिकेसमोर उभ्या राहणाऱ्याला तिच्याभोवतीचा डोंगर दिसत नाही. वेदिका ही प्रदक्षिणेसाठी असते. भिंतीच्या आत उभारलेल्या तिच्या तुकड्याला प्रदक्षिणा घालता येत नाही; तो फक्त पाहता येतो.

अमरावतीचे तर तीन तुकडे झाले. कॉलिन मॅकेन्झी याने १७९८ च्या आसपास ते स्थळ प्रथम पाहिले आणि १८१६ मध्ये पुन्हा येऊन शिल्पांची रेखाचित्रे करून घेतली. वॉल्टर एलियट याने १८४५ मध्ये काढलेली शिल्पे मद्रासला गेली, त्यांतील बरीचशी १८५९ मध्ये लंडनला पाठविली गेली आणि १८८० पासून ती ब्रिटिश संग्रहालयात आहेत. उरलेली चेन्नईत आहेत. स्थळावर स्तूपाचा पाया आणि थोडे अवशेष. अमरावतीचा स्तूप समग्र पाहावयाचा तर तो मॅकेन्झीच्या रेखाचित्रांतच पाहावा लागतो. म्हणजे वस्तूंचा संग्रह फुटल्यावर कागदांच्या संग्रहाने तिची एकता राखली.

हलविलेल्या वस्तू तरी सुरक्षित राहिल्या काय? १८८५ मध्ये ‘इंडस’ नावाचे जहाज सिंहलद्वीपाच्या किनाऱ्याजवळ बुडाले. त्यात कनिंगहॅमने जमविलेल्या शिल्पांचा मोठा भाग होता. अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या रॉबर्ट गिल याने वर्षानुवर्षे खपून केलेल्या प्रतिकृती १८६६ मध्ये लंडनच्या स्फटिकमहालाला लागलेल्या आगीत जळाल्या. त्यानंतर जॉन ग्रिफिथ्स आणि मुंबईच्या कलाशाळेचे विद्यार्थी यांनी १८७२ पासून केलेल्या प्रतिकृतींपैकी अनेक १८८५ मध्ये साउथ केन्सिंग्टनच्या आगीत गेल्या. गुहेच्या काळोखात दीड हजार वर्षे टिकलेल्या चित्रांच्या नकला राजधानीच्या उजेडात वीस वर्षांच्या अंतराने दोनदा भस्म झाल्या. दूर नेले म्हणजे वाचले, हे समीकरण इतिहासाला मान्य नाही.

४

विसाव्या शतकाच्या आरंभी या धोरणात बदल झाला. जॉन मार्शल याने पुरातत्त्वखात्याची सूत्रे हाती घेतल्यावर, उत्खननात निघालेल्या वस्तू शक्य तो स्थळाशेजारीच ठेवाव्यात, हे तत्त्व रुजले. सारनाथचे संग्रहालय १९१० मध्ये उभे राहिले, नालंदेचे १९१७ मध्ये, सांचीचे १९१९ मध्ये. १९०४-०५ च्या उत्खननात एफ. ओ. ओर्टेल याला सापडलेले अशोकाचे सिंहस्तंभशीर्ष त्यामुळेच सारनाथ सोडून गेले नाही. २६ जानेवारी १९५० पासून ते भारताचे राजचिन्ह आहे. प्रत्येक नाण्यावर आणि प्रत्येक सरकारी कागदावर ते उमटते. पण ज्या स्तंभावर ते होते त्याचा बुंधा उत्खननक्षेत्रात उभा आहे आणि ते स्वतः थोड्याच पावलांवरच्या दालनात आहे. या थोड्या पावलांना फार अर्थ आहे. बुंधा पाहून दालनात शिरणाऱ्या प्रवाशाच्या मनात स्तंभ पुरा होतो. सूत्रबद्ध मार्गाची सर्वांत लहान आणि सर्वांत यशस्वी मात्रा हीच.

नागार्जुनकोंड्याचा प्रसंग या तत्त्वाची कसोटी पाहणारा ठरला. १९२६ मध्ये ए. आर. सरस्वती यांनी उजेडात आणलेल्या त्या खोऱ्यात १९५५ मध्ये कृष्णेवरील धरणाची कोनशिला बसली. खोरे बुडणार हे ठरल्यावर १९५४ ते १९६० या काळात आर. सुब्रह्मण्यम् यांच्या देखरेखीखाली विस्तृत उत्खनन झाले. निवडक वास्तू दगड दगड मोजून टेकडीवर पुन्हा रचण्यात आल्या, आणि पाण्याने वेढलेल्या त्या टेकडीवर, म्हणजे आताच्या बेटावर, १९६६ मध्ये संग्रहालय उघडले. येथे वस्तू स्थळापासून दूर गेली नाही. स्थळच वस्तूखालून निघून गेले. तेथे नावेने जाणारा प्रवासी ज्या पाण्यावरून जातो, त्याच्या तळाशी विहारांच्या जागा आहेत. अशा ठिकाणी संग्रहालय हे स्थळाला पर्याय म्हणून उभे असते, आणि त्याने तसे स्पष्ट सांगणे हा प्रामाणिकपणाचा भाग होय.

५

स्वातंत्र्योत्तर काळात पर्यटनाचे नियोजन सुरू झाले आणि बौद्ध स्थळांचा परिपथ हा सरकारी योजनांचा एक स्थिर विषय बनला. १९८७ मध्ये युरोपीय परिषदेने सांतियागोच्या यात्रामार्गाला सांस्कृतिक मार्ग म्हणून मान्यता दिली आणि अशा मार्गांची कल्पना जगभर रूढ झाली. भारतात २००७ मध्ये बौद्ध स्थळांसाठी ‘महापरिनिर्वाण’ ही खास आगगाडी सुरू झाली. २०१४-१५ मध्ये आखलेल्या ‘स्वदेश दर्शन’ योजनेत बौद्ध परिपथाला स्थान मिळाले. २०२१ मध्ये कुशीनगरला आंतरराष्ट्रीय विमानतळाचे उद्घाटन झाले. रस्ते, निवास, प्रकाशयोजना यांवर बराच व्यय झाला. यात काही गैर नाही; यात्रेकरूला रस्ता आणि पाणी लागतेच. प्रश्न आहे तो या मार्गाच्या वाचनाचा.

परिपथ जन्म, बोधी, धर्मचक्रप्रवर्तन, परिनिर्वाण अशा चार घटनांभोवती आखलेला आहे. म्हणजे मार्गाचे सूत्र चरित्र हे आहे. चरित्राचे सूत्र सोपे असते, प्रवाशाला ते पटकन कळते. परंतु ते बुद्धाच्या निर्वाणापाशी थांबते. त्यानंतरची दीड हजार वर्षे, ज्या काळात संघ वाढला, वादविवाद झाले, ग्रंथ लिहिले गेले, मूर्ती घडल्या, ती या सूत्रात मावत नाहीत. संग्रहालयांत मात्र मुख्यतः तोच काळ साठविलेला आहे. त्यामुळे एक विचित्र परिणाम होतो : प्रवासी ज्या कथेसाठी आला ती स्थळावर सांगितली जाते, आणि दालनात शिरल्यावर तिच्याशी न जुळणाऱ्या वस्तूंमधून तो घाईने चालत बाहेर पडतो. वस्तू मुक्या नसतात. त्यांना विचारलेला प्रश्न चुकीचा असतो.

ग्रंथावरून आखलेल्या मार्गाला ग्रंथाच्या मर्यादाही चिकटतात. ह्युएनत्संगाच्या वृत्तात सांचीचा उल्लेखच नाही. बुद्ध तेथे कधी गेल्याची परंपराही नाही. केवळ प्रवासवृत्त आणि चरित्र यांवर विसंबणाऱ्या नकाशात भारतातील सर्वांत सुस्थित स्तूप बसणार नाही. उलट, ग्रंथातील विसंगती भूमीवर वाद उभे करते. फाहियान आणि ह्युएनत्संग यांनी दिलेली कपिलवस्तूची अंतरे परस्परांशी जुळत नाहीत. परिणामी नेपाळातील तिलौराकोट आणि उत्तर प्रदेशातील पिपरहवा अशी दोन कपिलवस्तू आज प्रवाशाला दाखविली जातात. पिपरहव्याला १९७० नंतरच्या उत्खननात कपिलवस्तूच्या भिक्षुसंघाचे नाव असलेल्या मुद्रा मिळाल्या, तरी वाद पुरता संपला नाही. मार्गदर्शक पुस्तिका अशा वेळी आपापल्या राज्याचा पक्ष घेतात. खरे तर दोन यात्रेकरूंची दोन वाक्ये शेजारी शेजारी छापून प्रवाशालाच विचारात पाडणे अधिक उचित झाले असते. पाठभेद दडपणारी संहिता विद्वानांना चालत नाही. ती प्रवाशाला तरी का द्यावी?

महाराष्ट्राविषयीचा मजकूरही असाच मननीय आहे. पुलकेशीच्या राज्याचे वर्णन करताना ह्युएनत्संग पूर्वेकडील डोंगरातील एका लेण्याचे आणि त्याच्या द्वारापाशी असलेल्या दगडी हत्तींचे वर्णन करतो. ते लेणे अजिंठ्याचे, ही ओळख सर्वमान्य झाली आहे. सोळाव्या लेण्याच्या पायऱ्यांपाशी ते हत्ती अद्याप आहेत. मात्र तो स्वतः तेथे गेला की त्याने ऐकीव वर्णन लिहिले, हे त्याच्या शब्दांवरून ठरत नाही. अजिंठा पाहणाऱ्याला हत्ती दाखविले जातात; त्यांच्यासंबंधीची ही शंका क्वचितच सांगितली जाते. शंका सांगितल्याने स्थळाचा महिमा घटत नाही. एक माणूस, एक वाक्य आणि एक दगड यांतील अंतर कळल्याने तो वाढतो.

६

चरित्राखेरीज दुसरे सूत्र शक्य आहे काय? संग्रहांकडे नीट पाहिले तर अशी सूत्रे तेथे पडून आहेत. त्यांपैकी एकच येथे उलगडून पाहण्यासारखे आहे.

सारनाथच्या संग्रहालयात लाल वालुकाश्माची एक भव्य बोधिसत्त्वमूर्ती आहे. तो दगड मथुरेचा. तीवरील लेखाप्रमाणे कनिष्काच्या तिसऱ्या वर्षी भिक्षू बल याने ती, छत्र आणि छत्रदंडासह, वाराणसीस भगवंताच्या चंक्रमणस्थानी स्थापिली. ह्याच भिक्षूने स्थापिलेली दुसरी मूर्ती श्रावस्तीला, सहेटमध्ये, कनिंगहॅमला मिळाली. ती आता कलकत्त्याच्या संग्रहालयात आहे. तिसरी मूर्ती कौशांबीची. कनिष्काच्या दुसऱ्या वर्षीची ही मूर्ती अलाहाबादच्या संग्रहालयात आहे आणि ती स्थापणारी आहे भिक्षुणी बुद्धमित्रा. बुद्धमित्रा ही बलाची शिष्या. सारनाथच्या लेखातही तिचे नाव येते. लेख दोघांनाही त्रिपिटकाचे जाणकार म्हणून गौरवितो.

या तीन मूर्ती एकत्र वाचल्या की एक मार्ग उभा राहतो. मथुरेच्या कार्यशाळेत मूर्ती घडतात, नदीच्या आणि बैलगाड्यांच्या वाटेने शेकडो मैल पूर्वेस जातात, आणि बुद्धाच्या वास्तव्याने पावन झालेल्या स्थळी उभ्या राहतात. राजा त्यात केवळ कालगणनेपुरता आहे आणि क्षत्रप पुण्याच्या वाटणीपुरते. कर्ते आहेत एक विद्वान भिक्षू आणि त्याची विद्वान शिष्या. त्रिपिटक जाणणारी एक स्त्री इसवी सनाच्या आरंभीच्या शतकांत एवढी मोठी मूर्ती स्थापते, ही घटना कोणत्याही चरित्रपर परिपथात बसत नाही, कारण ती बुद्धाच्या जीवनातली नव्हे. तरीही मथुरा, कौशांबी, श्रावस्ती, सारनाथ ही चार स्थळे आणि मथुरा, अलाहाबाद, सारनाथ, कलकत्ता ही चार संग्रहालये यांना एका धाग्यात ओवण्याचे सामर्थ्य या एका नावात आहे. त्यासाठी एकही मूर्ती हलविण्याची गरज नाही. प्रत्येक मूर्तीखालच्या परिचयपट्टीवर अन्य दोघींचा ठावठिकाणा लिहिला आणि स्थळावर, मूर्ती जेथून गेली त्या जागी, तिची खूण लावली तरी पुरे.

मराठी वाचकाला हा विचार अपरिचित वाटू नये. महानुभाव पंथाने चक्रधरांच्या चरित्राची जोपासना केली ती लीळांच्या ग्रंथाने आणि लीळा जेथे घडल्या त्या जागांच्या नोंदीने. मुनिव्यास कोठी यांच्या नावावर असलेल्या ‘स्थानपोथी’त गावोगावच्या देवळांतील, मठांतील, ओट्यांवरील चक्रधरांच्या आसनांच्या आणि मुक्कामांच्या जागा काटेकोर नोंदल्या आहेत. त्यांच्या स्पर्शाने पुनीत झालेल्या वस्तूही पंथाने प्रसाद म्हणून जपल्या. ग्रंथ, स्थान आणि वस्तू हे तीन एकमेकांना साक्ष देतात. त्यांपैकी एकाचा लोप झाला तर इतर दोघे त्याची आठवण ठेवतात. नियोजनकारांना आज जे साधावयाचे आहे ते एका पंथाने श्रद्धेपोटी आणि शिस्तीने शतकानुशतके साधले होते.

७

प्रवासमार्गाचा विचार करताना प्रवाशांचे प्रकार विसरता कामा नयेत. गोव्याच्या धर्मानंद कोसंबींनी १८९९ मध्ये घर सोडले ते बौद्ध धर्माचे ज्ञान मिळविण्यासाठी. काशी, नेपाळ, सिंहलद्वीप, ब्रह्मदेश असा तो प्रवास होता. सिंहलद्वीपात त्यांनी पाली शिकून श्रामणेरदीक्षा घेतली आणि पुढे बुद्धाच्या स्थळांचीही यात्रा केली. ‘निवेदन’ या आत्मवृत्तात तो प्रवास आहे. त्यातून जमलेला संग्रह पाली ग्रंथांचा होता, आणि ‘भगवान बुद्ध’ हे त्याचे मराठीला मिळालेले फळ. डॉ. आंबेडकर यांनी १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात धम्मदीक्षा घेतली आणि पुढच्याच महिन्यात काठमांडूच्या परिषदेहून परतताना सारनाथला भेट दिली. त्यानंतर महाराष्ट्रातून बुद्धगयेला आणि सारनाथला जाणाऱ्या बौद्ध यात्रेकरूंचा ओघ थांबलेला नाही. हे लोक केवळ पर्यटक नाहीत आणि पुरातत्त्वाचे अभ्यासकही नाहीत. ते ज्या इतिहासातून आपल्याला वगळले गेले त्यात परत प्रवेश करीत असतात. दालनातील काचेमागची मूर्ती त्यांच्या दृष्टीने नमुना नसते. ते तिच्यासमोर हात जोडतात. त्यांच्यासाठी लिहिलेली पट्टी फक्त शतक आणि दगडाचा प्रकार सांगून थांबते, तेव्हा ती त्यांच्याशी बोलतच नाही, आणि त्यांच्या भाषेत तर बहुधा मुळीच नाही.

संग्रहालय आणि पूजा यांतील हा ताण नवा नव्हे. सांची आणि सातधारा येथील स्तूपांत कनिंगहॅम व मेझी यांना १८५१ मध्ये सारिपुत्त व मोग्गल्लान यांच्या अस्थिधातूंचे करंडक सापडले. त्यांतील काही लंडनच्या संग्रहालयात गेले. जवळजवळ शतकभराने त्यांची परतयात्रा सुरू झाली आणि सिंहलद्वीप, कलकत्ता असा प्रवास करीत ते धातू १९५२ च्या नोव्हेंबरात सांचीच्या नव्या विहारात प्रतिष्ठापित झाले. पिपरहव्याच्या १८९८ मधील उत्खननातील रत्ने उत्खनन करणाऱ्या जमीनदाराच्या वंशजांकडे होती. २०२५ मध्ये हाँगकाँगला त्यांचा लिलाव जाहीर झाला, भारत सरकारच्या हरकतीने तो थांबला आणि जुलैमध्ये रत्ने भारतात परतली. काही वस्तू अशा असतात, की त्यांच्या बाबतीत ‘संग्रह’ हा शब्दच अपुरा पडतो.

वैशालीची हकीकत या दृष्टीने लक्षणीय आहे. मूळचे कोल्हापूर भागातले इतिहासकार अनंत सदाशिव आळतेकर पाटण्याच्या काशीप्रसाद जायसवाल संशोधनसंस्थेचे संचालक असताना, १९५८ मध्ये, तेथील एका लहानशा मातीच्या स्तूपात त्यांना एक दगडी करंडक मिळाला. त्यात रक्षा, एक छोटा शंख, काचेचे दोन मणी, सोन्याच्या पत्र्याचा तुकडा आणि एक ताम्रनाणे होते. लिच्छवींनी आपल्या वाट्याच्या धातूंवर उभारलेल्या स्तूपाचा ह्युएनत्संगाने केलेला उल्लेख आणि हा करंडक यांचा मेळ घालण्यात आला. त्यानंतर लवकरच आळतेकर वारले. करंडक पाटण्याच्या संग्रहालयात गेला. वैशालीला स्तूपाचा पाया आणि त्यावरील छत एवढेच राहिले. अखेर २०२५ च्या जुलैमध्ये वैशालीतच नव्या स्मृतिस्तूपाचे उद्घाटन होऊन तो धातू तेथे ठेवण्यात आला.

पाटण्याच्या त्याच संग्रहालयाकडे आणखी एक ठेव आली होती. १९५७ मध्ये दलाई लामांच्या हस्ते ह्युएनत्संगाच्या अस्थी चीनच्या वतीने नेहरूंच्या स्वाधीन करण्यात आल्या. त्या नालंदेला उभारावयाच्या स्मारकासाठी होत्या. स्मारकाची वास्तू १९८४ मध्ये पुरी झाली आणि २००७ मध्ये उघडली. अस्थी मात्र पाटण्याच्या संग्रहालयात ठेवण्यात आल्या. ज्याने प्रत्येक मूर्तीबरोबर तिच्या स्थळाचे नाव जपले, त्याच्याच अवशेषांच्या वाट्याला स्थळापासून दूर राहणे आले.

नालंदेचे स्मारकमंदिर आणि पाटण्याची कुपी यांत सुमारे नव्वद किलोमीटरांचे अंतर आहे. प्रवासमार्ग हे अंतर नाहीसे करू शकत नाही, आणि तसा दावा त्याने करूही नये. त्याने एवढेच करावे, की नालंदेत उभ्या असलेल्या माणसाला पाटण्याची आठवण व्हावी आणि पाटण्यात उभ्या असलेल्याला नालंदेची. सात मूर्ती घेऊन परतलेल्या यात्रेकरूला संग्रहाचे याहून वेगळे प्रयोजन ठाऊक नव्हते.